साथीचा हुकूम आणि घरची चूल



व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘साथीचे रोग आणि नगरपालिका’ हा विषय मला दिला, तेव्हा मी प्रथम नाही म्हणालो. मी डॉक्टर नाही, वकील नाही. शाळा सातवीत सुटली आणि पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयात. पण चालक म्हणाले, रोगाविषयी डॉक्टर बोलतात, कायद्याविषयी अधिकारी बोलतात. हुकूम सुटल्यावर तो ज्याच्या दारात जाऊन पडतो त्या माणसाविषयीही कोणी तरी बोलले पाहिजे. तेवढे आपल्याला जमेल असे मला वाटले.

मी भुशीचा. आमचे धरण ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने एकोणिसाव्या शतकात आपल्या वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधले. ती इंजिने केव्हाच गेली. आता आषाढात पायऱ्यांवरून पाणी वाहू लागले की मुंबई-पुण्याची माणसे तेथे लोटतात, आणि त्यांच्या जिवावर कणसे भाजणाऱ्या, भजी तळणाऱ्या, हॉटेलांत चादरी बदलणाऱ्या नि चिक्कीचे पुडे बांधणाऱ्या माणसांची वर्षाची बेगमी होते. म्हणजे आमचे गाव गर्दीवर जगते. आणि साथ आली की सरकार पहिली जी गोष्ट मना करते ती गर्दी. या एका अडचणीतून माझे आजचे सगळे बोलणे निघाले आहे.

साथीत हुकूम येतो कोठून, हे आधी पाहू. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातील करोनाचे पहिले रुग्ण आढळले. त्याच आठवड्यात राज्य सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. त्या वेळी दोन कायदे एकाच वेळी चालत होते. एक हा जुना, आणि दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. दुसऱ्या कायद्याने जिल्ह्याची सूत्रे जिल्हाधिकाऱ्याच्या हाती जातात. धरणावर जावयाचे नाही, दुकाने अमुक वाजेपर्यंतच उघडावयाची, हे हुकूम तेथून निघत. ते मोडणाऱ्यावर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखाली गुन्हा नोंदवावयाचा तो पोलिसांनी. आणि प्रत्यक्ष काम, म्हणजे गल्ली झाडणे, पाणी सोडणे, बांबू बांधून वस्ती बंद करणे, आजाऱ्याच्या घरचा कचरा वेगळा उचलणे, हे नगरपरिषदेचे. पाणी, सफाई, रोगप्रतिबंध ही कामे १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद कायद्याने तिच्यावर बंधनकारकच आहेत. हुकूम एकाचा, काठी दुसऱ्याची आणि झाडू तिसऱ्याचा, असा हा संसार आहे. लोक मात्र शिव्या देतात त्या समोर दिसणाऱ्याला, म्हणजे झाडूवाल्याला.

तो १८९७ चा कायदा मी वाचनालयात बसून वाचला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा आहे. सरकारने वाटेल तो तात्पुरता नियम करावा, मोडणाऱ्यास शिक्षा करावी, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालू नये, एवढाच त्याचा आशय. २०२० साली त्याला दुरुस्ती झाली ती डॉक्टर-परिचारिकांवर हात टाकणाऱ्यांना कडक शिक्षा व्हावी म्हणून. ती योग्यच होती. पण ज्या माणसाला घरात कोंडावयाचे त्याला औषध कोणी द्यावे, त्याच्या मुलांना भाकरी कोणी घालावी, त्याची बुडालेली मजुरी कोणी भरून द्यावी, याविषयी त्या कायद्यात तेव्हाही अक्षर नव्हते आणि दुरुस्तीनंतरही आले नाही.

हा कायदा असा का झाला, ते समजण्यासाठी प्लेगच्या साली जावे लागते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. पुढच्याच महिन्यात म्युनिसिपल कमिशनरने जाहीरनामा काढला की रोग्याला जबरदस्तीनेही इस्पितळात हलविता येईल. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी-कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. इस्पितळावर दगड टाकणे केव्हाही वाईटच; मी त्याचे समर्थन करीत नाही. पण आमच्या पेशात संप फुटला की आधी ‘का?’ विचारावयाची सवय असते. त्या कामगारांना एवढेच दिसत होते की नेलेला माणूस बहुधा परत येत नाही, आणि त्याला का नेले हे त्यांच्या भाषेत कोणी सांगत नाही.

पुण्यात पुढे काय घडले ते या जिल्ह्यात सांगावयास नको. रँडसाहेबाची प्लेग कमिटी, घराघरांत शिरणारे गोरे सोल्जर, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी घातलेल्या गोळ्या. माझा मुद्दा निराळा आहे. त्या झडत्यांच्या वेळी प्लेग उंदरावरच्या पिसवेने पसरतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमोन या फ्रेंच डॉक्टरने कराचीत त्याचा शोध लावला तो १८९८ साली, आणि तोही लोकांना पटावयास पुढे बरीच वर्षे लागली. म्हणजे सोल्जर माणसांना घराबाहेर ओढीत होते, बोचकी जाळीत होते, आणि उंदीर शेजारच्या घरात जात होते! उलट खेड्यांतली माणसे काय करीत? आमची आजी तिच्या सासऱ्यांकडून ऐकलेले सांगे की, आढ्यावरून उंदीर पडू लागले की घराला कुलूप घालून सारे गाव माळावर झोपड्या करून राही. पिसवेचे नाव त्यांना माहीत नव्हते, पण घर सोडावे हे त्यांना कळले होते. सरकारनेही पुढे घरे रिकामी करून मोकळ्यावर राहण्याचाच मार्ग धरला. लोकांना काहीच कळत नाही असे धरून चालणाऱ्या अधिकाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

त्याच प्लेगात आमच्या चळवळीचे मूळ पुरुष नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी वारले. गिरणी-कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारा हा माणूस रोग्यांच्या शुश्रूषेच्या खटपटीत रोगालाच बळी पडला. महिन्याभरात, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांनी व त्यांच्या डॉक्टर मुलाने, यशवंतरावांनी, हडपसरजवळ रोग्यांसाठी दवाखाना चालविला होता. दोघांच्याही हाती हुकूम काढण्याचा अधिकार नव्हता. तरीही या दोघांच्या दारी आजारी माणूस येत होता, आणि सोल्जर दिसला की तोच माणूस माळ्यावर लपत होता.

१९१८ ची मानमोडी मात्र अगदी उलट जातीची. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवरचे पोलीस शिपाई तापाने पडले, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तो ताप फिरून आला तो काळ होऊनच. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद आहे. हिंदुस्थानात एकंदर किती गेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून पुढे आहेत. या वेळी सरकारने झडत्या घेतल्या नाहीत, हे खरे. पण मदतीलाही ते पुरेसे आले नाही. डॉक्टर युद्धावर, पाऊस नाही, धान्य महाग. औषध आणि पेज घरोघर पोचविली ती स्वयंसेवकांनी. मुंबईतील मृत्यूचे जातवार आकडे तेव्हाच्या नोंदींत आहेत. युरोपियनांत हजारी सुमारे ८, पारशांत ९, वरच्या जातींच्या हिंदूंत १९ च्या आसपास, आणि ज्यांना कनिष्ठ जाती म्हणत त्यांत ६१. जंतू काही जात विचारीत नाही. पण एका खोलीत दहा माणसे, पोटात अन्न नाही आणि आजारातही कामावर जावे लागते, म्हटल्यावर त्याला विचारावयाची गरजच पडत नाही.

आता करोनाकडे येतो. पहिल्या महिन्यात आम्हांला जी सूचनापत्रके मिळाली, ती मी प्रामाणिकपणे वाटली. त्यांत ‘अलगीकरण’, ‘विलगीकरण’, ‘सामाजिक अंतर’ असे शब्द होते. लागण झाली असेल असा संशय असलेल्याला वेगळे ठेवावयाचे ते अलगीकरण आणि लागण झालेल्याला वेगळे ठेवावयाचे ते विलगीकरण, हा भेद मला स्वतःला समजावयास चार दिवस लागले. पुढे तर सर्रास दोन्हींसाठी एकच शब्द चालू लागला. ‘सामाजिक अंतर’ या शब्दाविषयी काय सांगावे? जे अंतर मोडण्यासाठी महाराष्ट्राने शंभर-सव्वाशे वर्षे घालविली, तेच पाळा असे पत्रक सांगत होते! नंतर ‘शारीरिक अंतर’ म्हणू लागले, ते बरे झाले.

मग मी माझ्या परीने सोपे करून सांगावयास गेलो, आणि तेथे माझ्याच हातून चूक झाली. ती येथे सांगितली पाहिजे. चौदा दिवस म्हणजे काय, हे लोकांना कळेना. मी म्हणालो, ‘‘सुतक पाळता ना? तसे पाळायचे.’’ सर्वांना झटकन समजले. फार चांगले समजले. एक बाई मुंबईहून पायी घाट चढून, दोन मुलांना घेऊन माहेरी आली होती. तिने कोणाशी संबंध न ठेवता चौदा दिवस काढले. ताप नाही, खोकला नाही. पण पंधराव्या दिवशी नळावर तिची घागर लावू देईनात. एक म्हातारबुवा मला म्हणाले, ‘‘तूच म्हणालास ना रे, सुतक? मग शुद्ध करून घ्यायला नको का?’’ मी सुतक म्हणालो ते दिवसांच्या हिशेबाने; लोकांनी घेतले ते विटाळाच्या अर्थाने. मला तिच्यासोबत तीन सकाळी नळावर उभे राहावे लागले. तेव्हापासून तो शब्द मी तोंडातून काढला नाही.

त्याऐवजी धूर कामाला आला. आमच्याकडे कणीस भाजणाऱ्या मावशींना मी विचारी, ‘‘मावशी, खोलीत चूल पेटवून दार लावले तर धूर कोठे जातो?’’ ‘‘जातोय कुठं? डोळ्यांत.’’ ‘‘आणि दार-खिडकी उघडली तर?’’ ‘‘निघून जातोय की.’’ या रोगाचे तसेच आहे. आजारी माणूस श्वास टाकतो, बोलतो, खोकतो, त्यातून जंतू हवेत येतात. कोंदट खोलीत ते साचतात, उघड्यावर विरतात. म्हणून खिडकी उघडी हवी आणि तोंडावर फडके हवे. फडके हे चुलीवर झाकण ठेवण्यासारखे आहे. धूर अगदीच थांबत नाही, पण कमी होतो. आणि चौदा दिवस कशासाठी? लागण झाल्यावर ताप-खोकला दिसावयास बहुधा पाच-सहा दिवस लागत, क्वचित चौदापर्यंत. आणि लक्षण दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो माणूस दुसऱ्याला रोग देऊ शके. चूल पेटलेली आहे पण धूर अजून दिसत नाही, असा तो काळ. हे सांगितल्यावर एकाही मावशीने मला पुन्हा विचारले नाही.

हवेची ही गोष्ट तज्ज्ञांनाही पहिल्यापासून पुरती मान्य नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने ती स्पष्ट शब्दांत सांगावयास २०२१ साल उजाडावे लागले. तोपर्यंत जिकडेतिकडे फवारणी चालू होती. मार्च २०२० च्या अखेरीस उत्तर प्रदेशात बरेलीला, गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारले. एप्रिलमध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याला पत्रक काढून सांगावे लागले की माणसांवर असली फवारणी करू नका. १८९७ सालची बोचकी जाळणारी बुद्धी सव्वाशे वर्षांनी अशी पुन्हा वर आली. नव्या रोगात चूक होणारच. माझी तक्रार चुकीबद्दल नाही. चूक कळल्यावर ‘काल सांगितले ते सोडा, आज हे करा, कारण असे असे’ हे लोकांपर्यंत त्याच जोराने पोचविले जात नाही, ही तक्रार आहे.

पत्रकातील आणखी एक वाक्य होते: ‘रुग्णाने स्वतंत्र, हवेशीर खोलीत राहावे.’ हे मी एका चाळीत वाचून दाखवले तेव्हा एक बाई म्हणाली, ‘‘दादा, खोली यकच हाय. वेगळं ऱ्हायाचं म्हंजी भिंतीत ऱ्हायाचं काय?’’ याला उत्तर धारावीने दिले. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रुग्ण सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आत-बाहेरची जागा, त्यांत लाखो माणसे, आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालयावाचून गती नाही. घरात राहा म्हणण्यात तेथे अर्थच नव्हता. मुंबई महापालिकेच्या वॉर्ड कचेरीने ते ओळखले. संशयितांना शाळा-सभागृहांत हलविले, तेथे जेवण दिले, शौचालये दिवसातून अनेकदा धुतली, आणि ज्या खाजगी डॉक्टरांकडे धारावीकर वर्षानुवर्षे जात होते त्यांनाच बरोबर घेऊन घरोघर तपासणी केली. ओळखीचा डॉक्टर दारात आल्यावर माणूस लपत नाही. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेऊन हे सांगितले. सगळे तेथे सोन्यासारखे झाले असे नव्हे, पण हुकूम आणि जेवण एकाच दाराने आत आले, हे खरे.

आमच्या घाटात त्या एप्रिलात निराळे दृश्य होते. रस्त्याच्या कडेने, डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसे मराठवाड्याकडे चालली होती आणि त्यांना जागोजागी अडविले जात होते. त्याच दिवसांत एका बड्या उद्योगपती घराण्यातील मंडळी, नोकरचाकर धरून तेवीस जण, खंडाळ्याहून मोटारींनी महाबळेश्वरास पोचली. त्यांच्याजवळ गृहखात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे पत्र होते. बोभाटा झाल्यावर त्या अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठविले आणि मंडळींना अलगीकरणात ठेवले. पण नाक्यावर अडविलेल्या मजुरास नियम समजावून सांगण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांना त्या आठवड्यात काय ऐकून घ्यावे लागले ते मला ठाऊक आहे. मीच त्यांच्यात होतो.

आता मजुरी. २९ मार्च २०२० रोजी केंद्राच्या गृहखात्याने हुकूम काढला की बंदच्या काळात मालकांनी कामगारांचा पगार कापू नये. आम्हांला वाटले, झाले काम. १८ मेपासून तो हुकूम उठला; १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नये आणि मालक-कामगारांनी वाटाघाटीने मिटवावे असे सांगितले. हॉटेलात कंत्राटदारामार्फत लागलेला पोरगा कोणाशी वाटाघाट करणार? ज्या कंत्राटदाराने त्याला कामावर ठेवले त्याने फोनच उचलणे सोडले होते. एका कंत्राटाखालील अकरा जणांच्या मार्च-एप्रिलच्या मजुरीसाठी मी दीड वर्ष हेलपाटे घातले, आणि हाती आली ती निम्मी रक्कम. ज्याला राज्य विम्याचे कार्ड होते, त्याला तेव्हाच्या १९४८ च्या कायद्याने आजारपणात मजुरीच्या सत्तर टक्के, वर्षात एक्याण्णव दिवसांपर्यंत मिळू शकत. परंतु कार्ड कोणाला? ज्याचे नाव मालकाने नोंदविले त्याला. कणीसवाल्या मावशीला मालकच नाही, तर कार्ड कोठले? रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळाले आणि राज्याने शिवभोजन थाळी पाच रुपयांवर आणली. या दोन गोष्टींनी माणसे तगली, हे मान्य केले पाहिजे. पण भाडे, गॅस, मुलांच्या शिक्षणाचा मोबाईल हे धान्याने भागत नाही. म्हणून दुपारी पोलीस गेल्यावर मागच्या वाटेने कणसाची टोपली निघे. तिला बेशिस्त म्हणणारे पुष्कळ भेटले.

आणि घरोघर फिरल्या कोण? सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली, तेव्हा तापमापक नि ऑक्सिमीटर हातात घेऊन आशा कार्यकर्त्या दारोदार गेल्या. कायद्याच्या दृष्टीने त्या कामगार नव्हेत, स्वयंसेविका. त्यांना पगार नाही, मानधन. जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे सत्तर हजार आशांनी संप केला, तेव्हा कोठे दरमहा हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये करोना भत्ता मान्य झाला. साथीत संप करणे योग्य का, असे मला तेव्हा पांढरपेशा मित्रांनी विचारले. मी म्हणालो, साथ नसताना त्यांचे कोणी ऐकले असते का? आशाबाईला गल्लीतल्या कोणत्या घरात दमेकरी आहे, कोणती सून सातव्या महिन्यात आहे, हे तोंडपाठ असते. ही माहिती जिल्ह्याच्या कचेरीत मिळत नाही.

म्हणूनच नगरपालिकेत निवडून आलेला माणूस असणे मला महत्त्वाचे वाटते. २०२२ पासून राज्यातील बहुतेक नगरपालिका नि महापालिका निवडणुकीवाचून प्रशासकांच्या हाती होत्या, त्या काही वर्षे. प्रशासक हुशार असतात, प्रामाणिकही असतात. पण रात्री अकरा वाजता नळावर भांडण झाले तर त्यांचे दार ठोठावता येत नाही. नगरसेवकाचे येते, तो कितीही आळशी असो. २०२० साली आम्हांला तो आधार होता. २०२३ साली साथ आली असती तर?

नगरपरिषदेकडे माझे मागणे फार मोठे नाही. पुढची साथ येण्याआधी प्रत्येक वॉर्डाची एक वही असावी: एका नळावर किती घरे, एका खोलीत किती माणसे, रोजावर कोण, म्हातारे एकटे कोण, वस्तीतली कोणती शाळा किती माणसांच्या राहण्याजोगी आहे, तेथे शौचालय आहे का. अशी वही असली की हुकूम लिहिणाऱ्याला आधी कळेल की तो कोणाला पाळता येण्यासारखा नाही. भुशीत आम्ही हे काम सुरू केले आहे. आशाताई आणि दोन शिक्षक मदतीस आहेत. रकाने आखीत असताना एका मावशीने विचारले, ‘‘धरण बंद झालं तर मला काय मिळणार, ते कुठं लिवलंय?’’ तसा रकाना नव्हता. आता घातला आहे, आणि त्यात काय लिहावयाचे याविषयी नगरपरिषदेला अर्ज केला आहे.

तुमच्या वॉर्डात अशी वही करावयाची असेल तर रविवारी सकाळी युनियनच्या कचेरीत या. आमच्या रकान्यांची नक्कल देऊ. पेन्सिल मात्र बरोबर आणा.